घावाखालचें लोखंड

लोहाराच्या भात्यापाशीं आपणांपैकीं पुष्कळजण लहानपणीं रेंगाळले असतील. लालबुंद लोखंड सांडशींत धरून ऐरणीवर येतें, घण खालीं येतो, ठिणग्या उडतात आणि पाहतां पाहतां लोखंडाचा आकार पालटतो. घावापूर्वींचें लोखंड आपण पाहिलें, घावानंतरचेंही पाहिलें. परंतु घण आणि लोखंड यांची गांठ पडली त्या नेमक्या क्षणीं लोखंडाच्या अंतरंगांत काय घडलें, हें कोणीं पाहिलें? लोहारानें पाहिलें नाहीं, आणि फार दिवस शास्त्रज्ञांनाही तें दिसलें नव्हतें. तो क्षण पाहण्यास नुसते डोळे पुरत नाहींत; त्या क्षणापुरता प्रकाश अगोदर सिद्ध करून ठेवावा लागतो. त्या सिद्धतेचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें.

घाव म्हणजे काय, येथून आरंभ करूं. टाळी वाजविली म्हणजे हवेंत ध्वनितरंग उठतो. हा तरंग सौम्य असतो. तो येतो, जातो, आणि हवा पूर्ववत् राहते. परंतु ढकलणारा जोर पुरेसा मोठा असेल, तर मागचे तरंग पुढच्या तरंगांस गांठतात, एकमेकांवर चढतात, आणि त्यांची जणूं एक उभी भिंत बनते. भिंतीपुढें पदार्थ शांत असतो. भिंतीमागें तोच पदार्थ दाबलेला, तापलेला आणि वेगानें धांवत असलेला असतो. ह्यालाच आपण आघाततरंग म्हणूं. स्कॉटलंडमधील रँकिन यांनीं १८७० सालीं, व त्यांच्यामागून फ्रान्समधील ह्यूगोनिओ यांनीं, ह्या भिंतीचें गणित मांडलें. ह्यूगोनिओ १८८७ सालीं वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षीं वारले. त्यांचा निबंध १८८७ व १८८९ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्या गणिताचें सार असें कीं, भिंतीच्या दोन्ही बाजूंस वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा हिशेब जुळलाच पाहिजे. म्हणून भिंतीचा वेग आणि तिच्यामागील पदार्थाचा वेग एवढे दोन आंकडे मोजले कीं दाब किती व घनता किती, हें आपोआप निघतें. गणित निर्दोष आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. तें दाब सांगतें, घनता सांगतें; अणु कसे मांडलेले आहेत, हें मात्र सांगत नाहीं. पुढील सारा वाद ह्याच एका उणिवेंतून निर्माण झाला.

हा क्षण टिपण्याची पहिली युक्ति हवेच्या बाबतींत साधली. प्राग येथील अर्न्स्ट माख व फ्यूमे येथील पीटर साल्खर यांनीं १८८६ सालीं बंदुकीच्या धांवत्या गोळीचीं छायाचित्रें घेतलीं. गोळीपुढें उभी राहिलेली हवेची भिंत त्यांत प्रथमच स्पष्ट दिसली. युक्ति अशी होती कीं, गोळी स्वतःच विजेचें मंडल पुरें करी, त्याच क्षणीं ठिणगी पडे, आणि त्या ठिणगीच्या प्रकाशांत चित्र निघे. म्हणजे घाव आणि प्रकाश यांची वेळ जुळविणें, हीच ह्या विद्येची किल्ली आहे, हें त्या दोघांनीं दाखवून दिलें.

परंतु हवा पारदर्शक आहे, लोखंडाचें काय? त्यासाठीं निराळा प्रकाश हवा होता. तो ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें रंटगेन यांस सांपडला. १९१२ सालीं म्यूनिक येथें लाउए, फ्रीडरिख व क्निपिंग यांनीं क्ष-किरण स्फटिकांतून पाठविले, तेव्हां पलीकडील कांचेवर ठिपक्यांची नियमबद्ध आकृति उमटली. आणि ब्रॅग पितापुत्रांनीं ती आकृति वाचण्याचा सोपा नियम घालून दिला. तेव्हांपासून अणूंची मांडणी हें तर्काचें प्रकरण राहिलें नाहीं. ती वाचतां येऊं लागली. आपल्या नेहमींच्या लोखंडांत अणु घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मधोमध एक, असे बसलेले असतात, हेंही अशाच वाचनानें कळलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १९५६ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंतील बॅन्क्रॉफ्ट, पीटरसन व मिनशॅल यांनीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. स्फोटक दारूच्या साहाय्यानें त्यांनीं लोखंडांत आघाततरंग सोडले होते. वातावरणाच्या सुमारें १,३०,००० पट दाब झाला कीं ती भिंत दुभंगे. एका भिंतीमागून दुसरी भिंत येई. त्यांनीं निष्कर्ष काढला कीं, ह्या दाबाला लोखंडाचे अणु आपली जुनी मांडणी मोडून नवी मांडणी घेत असले पाहिजेत. पण ती नवी मांडणी कोणती, हें त्यांच्या मोजमापांतून निघण्यासारखें नव्हतें.

त्या काळीं उच्च दाबाच्या शास्त्रांत हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांना १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें तें ह्याच कार्याबद्दल. त्यांनीं आपल्या पद्धतीनें, म्हणजे घाव न घालतां सावकाश दाब वाढवून, लोखंडाची विद्युत्-रोधकता तपासली. त्यांना कोणताही बदल आढळला नाहीं, आणि त्यांनीं तशी शंकाही छापून प्रसिद्ध केली. घावाचा पुरावा एक सांगत होता, संथ दाबाचा पुरावा दुसरें सांगत होता. घाव घालणारे बरोबर होते, हें पुढें ठरलें. १९६१ सालीं बालचन व ड्रिकमर यांस संथ दाबाखालींही तो बदल सांपडला, आणि १९६२ सालीं जेमिसन व लॉसन यांनीं क्ष-किरणांनीं नवी मांडणी वाचली. बाजारांत मोसंबीवाला रास रचतो तेव्हां खालच्या थरांतील खळग्यांत वरच्या थरांतील फळें बसवितो. तशी, पण तिसरा थर बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येईल अशी, ती दाट षट्कोनी मांडणी होती.

वाद मिटला असें वाटेल. पण तो अर्धाच मिटला होता. कारण ही मांडणी संथ दाबाखालच्या लोखंडाची होती. घावाखालीं लोखंडाला अणु हलविण्यास सेकंदाचा कोट्यवधीवा भागसुद्धां मिळतो न मिळतो. तेवढ्यांत तेच स्थित्यंतर होतें कीं निराळेंच कांहीं होतें? शिवाय घावांत दाबाबरोबर उष्णताही वाढते. आणि हा प्रश्न केवळ लोखंडाच्या तुकड्याचा नव्हता. १९३६ सालीं डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनीं भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या अगदीं पोटांत एक वेगळा अंतर्गाभा असल्याचें दाखविलें होतें. तो मुख्यतः लोखंडाचा व घनरूप आहे. त्याच्या सीमेवर दाब वातावरणाच्या सुमारें ३३ लक्ष पट आहे. तेथील लोखंड कोणत्या मांडणीचें आहे, कोणत्या उष्णतेला वितळतें, ह्यावर पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेचा अंदाज अवलंबून असतो. आणि त्या उष्णतेवर बाहेरील द्रव लोखंडाचें घुसळणें, म्हणजे अखेर आपल्या होकायंत्राची सुई उत्तरेकडे ठेवणारें चुंबकत्व अवलंबून आहे.

१९८६ सालीं ब्राउन व मॅक्क्वीन यांनीं आघातानें दाबलेल्या लोखंडांतून ध्वनि किती वेगानें जातो हें मोजलें. त्यांस दोन ठिकाणीं खंड आढळला. एक सुमारें २० लक्ष वातावरणांच्या दाबापाशीं, दुसरा सुमारें २४ लक्षांपाशीं. दुसरा खंड वितळण्याचा, असें त्यांनीं मानलें. मग पहिला कशाचा? लोखंड तेथें आणखी एखादी तिसरीच मांडणी घेतें कीं काय? २००४ सालीं न्युएन व होम्स यांनीं तेंच मोजमाप पुन्हां केलें, तों पहिला खंड त्यांस दिसलाच नाहीं. दोन्ही पक्ष जाणते, दोन्ही पक्षांचीं यंत्रें उत्तम. परंतु दोघेही ध्वनीवरून अणूंविषयीं अनुमान करीत होते. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून घरांतील माणसें कशीं बसलीं आहेत हें सांगण्यासारखें तें होतें. दार उघडून आंत पाहणें एवढाच उपाय उरला होता.

दार उघडण्यास दोन गोष्टी हव्या होत्या: बिनचूक वेळेवर पडणारा घाव, आणि बिनचूक वेळेवर येणारा क्ष-किरणांचा झोत. १९७० सालीं लिव्हरमोर येथील जॉन्सन, मिचेल, कीलर व एव्हन्स यांनीं क्ष-किरणांच्या क्षणिक झगमगाटांत लिथियम फ्ल्युओराइडच्या स्फटिकाचें आघातकालीन चित्र मिळविलें होतें. घावाखालींही स्फटिकाची शिस्त टिकते, हें त्यावरून कळलें. पण दारूच्या स्फोटाशेजारीं क्ष-किरणांचें यंत्र मांडून वेळ साधणें फार कठीण होतें. घावाची अडचण लेसरनें दूर केली. मे १९६० मध्यें मेमन यांनीं पहिला लेसर प्रज्वलित केला, आणि कांहीं वर्षांतच असें ध्यानीं आलें कीं, लेसरचा तीव्र झोत पदार्थाच्या पृष्ठभागावर पडला म्हणजे तेथील पातळ थर वायुरूप होऊन उधळतो, आणि तोफ उडतांना जशी मागें हटते तसा उरलेला पदार्थ आंत ढकलला जातो. हाच घाव. २००५ सालीं कलँटर व त्यांचे सहकारी यांनीं ह्या रीतीनें लोखंडावर घाव घातला, व दुसऱ्या लेसरनें तापविलेल्या धातूंतून निघणाऱ्या क्ष-किरणांनीं त्याच क्षणीं चित्र घेतलें. दाट षट्कोनी मांडणी घावाखालीं प्रत्यक्ष दिसली. १९५६ चें अनुमान खरें ठरण्यास जवळजवळ अर्धशतक लागलें. परंतु हे क्ष-किरण चहूंकडे फांकणारे, म्हणून विरळ होते. पृथ्वीच्या गाभ्याजवळच्या दाबांत लोखंड वितळूं लागतें तेव्हांचें अस्पष्ट चित्र वाचण्यास अधिक नेटका, समांतर आणि प्रखर प्रकाश हवा होता.

तो प्रकाश कोठून आला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. २४ एप्रिल १९४७ रोजीं न्यू यॉर्क संस्थानांतील शेनेक्टडी येथें जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत एक सिंक्रोट्रॉन चालूं होता. त्यांत इलेक्ट्रॉन वर्तुळांत फिरवून त्यांचा वेग वाढवीत असत. ह्या यंत्राची नळी कांचेची असल्यामुळें आंतील भाग दिसूं शकत होता. त्या दिवशीं तेथील मंडळींस एक तेजस्वी ठिपका दिसला. इलेक्ट्रॉन वळणावर प्रकाश टाकीत होते. असा प्रकाश निघेल हें सिद्धांतानें पूर्वींच सांगितलें होतें. पण यंत्र बांधणाऱ्यांच्या दृष्टीनें ती उधळपट्टीच होती, कारण इलेक्ट्रॉनांस दिलेली ऊर्जा त्या वाटेनें वायां जाई. पुढें कित्येक वर्षें कणभौतिकाच्या मोठ्या यंत्रांच्या कडेला बसून थोडे लोक हा सांडलेला प्रकाश वेंचून घेत. १९६८ सालीं विस्कॉन्सिन येथील टँटॅलस नांवाचें वलय ह्या प्रकाशासाठींच वापरांत आलें, आणि मग दृष्टि पालटली. पुढें खास प्रकाशासाठींच प्रचंड वलयें बांधण्यांत आलीं. ग्रनोब्ल येथील युरोपचें, जपानांतील स्प्रिंग-८, आणि शिकागोजवळ आर्गोन येथील १,१०४ मीटर घेराचें. आपल्या देशांतही इंदूर येथें इंडस-१ हें वलय १९९९ पासून व इंडस-२ हें २००५ पासून ह्याच मार्गानें गेलें आहे.

आर्गोनच्या वलयाच्या ३५ व्या विभागांत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या योगेंद्र गुप्त यांच्या नेतृत्वाखालीं आघातशास्त्राचें स्वतंत्र केंद्र उभें राहिलें. तेथें तोफा होत्या, आणि लेसरही होता. हा लेसर १०० जूल ऊर्जेचा. १०० जूल म्हणजे किती? एक किलो वजन दहा मीटर उंच नेण्यास लागेल तेवढीच. पण ती सेकंदाच्या अब्जांश भागाच्या पांच ते सतरा पटींइतक्या अवकाशांत खर्च होते. म्हणून तिचा जोर एवढा.

पण माझा विषय मुख्यतः किरणांचा आहे. घाव पडण्याआधीं त्या किरणांना किती संस्कारांतून जावें लागतें तें पाहा. इलेक्ट्रॉन प्रथम चुंबकांच्या दोन रांगांमधून नागमोडी चालीनें नेले जातात. ह्या रांगांतील अंतर कमीअधिक करून किरणांचा रंग, म्हणजे त्यांची ऊर्जा, ठरवितां येते. परंतु तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली असतां जसा वरचा गंधारही ऐकूं येतो, तसे मुख्य किरणांबरोबर वरच्या ऊर्जेचे किरणही येतात. ते चित्र गढूळ करतील. म्हणून झोत आरशांवर घेतला जातो. क्ष-किरण साध्या आरशावरून परतत नाहींत. अंशाच्या दशांशाएवढ्या निसटत्या कोनानें आले तरच परततात, आणि त्या कोनाला वरचे किरण परतत नाहींत, गळून पडतात. एकामागून एक असे दोन वक्र आरसे काटकोनांत ठेवून झोत बारीक करण्याची रीत कर्कपॅट्रिक व बाएझ यांनीं १९४८ सालीं सांगितली होती. ती येथें कामाला आली.

मग एक निवड करावी लागते. स्फटिकाची चाळणी लावून अगदीं एकाच ऊर्जेचे किरण निवडतां येतील. चित्र रेखीव होईल. पण त्या चाळणींत बहुतेक प्रकाश फुकट जातो, आणि येथें तर एकाच स्पंदांत सारें चित्र काढावयाचें असतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं चाळणी काढून टाकली, थोडी अशुद्धता पत्करली आणि प्रकाश राखला. शुद्धतेपेक्षां पुरेपणा येथें मोलाचा ठरला.

शेवटचा संस्कार वेळेचा. वलयांत इलेक्ट्रॉन सलग वाहत नसत. नेहमींच्या रीतींत त्यांचे २४ पुंजके फिरत असत. प्रकाशाच्या वेगानें वलयाची एक फेरी सेकंदाच्या सुमारें २,७२,००० व्या भागांत होते. पुंजक्यांत ४६ मीटर अंतर पडे, आणि त्यामुळें स्पंद १५३ अब्जांश सेकंदांच्या अंतरानें येत. एक स्पंद मात्र अब्जांश सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टिके; म्हणजे प्रकाशाची ती एक तीन सेंटिमीटर लांबीची कांडी. ह्या माळेंतून नेमका एक मणी हवा असतो. बाकीचे फिरत्या चकत्या व झडपा यांनीं अडवावे लागतात. आणि तो एक मणी लोखंडापाशीं येईल तेव्हांच घाव त्याच्या आंत पोंचलेला असावा, ह्यासाठीं लेसरचें घड्याळ वलयाच्या घड्याळाशीं बांधलें जातें. २४ लक्ष वातावरणांच्या दाबाला लोखंडांत आघाताची भिंत सेकंदास सुमारें ९ किलोमीटर धांवते. क्ष-किरणांचा एक स्पंद संपेपर्यंत ती मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकी सरकते. म्हणूनच चित्र फिसकटत नाहीं. पण स्पंद थोडा लवकर आला तर शांत लोखंड दिसेल, थोडा उशिरा आला तर उधळलेलें. आणि त्या तुकड्याला दुसरी संधि नाहीं. एका घावानिशीं तो नष्ट होतो. घाव क्षणाचा, तयारी दिवसांची, असें हें काम आहे.

ह्या तयारीचें फळ २०२० सालीं मिळालें. टर्नोर, शर्मा व गुप्त यांनीं उत्तरोत्तर वाढत्या घावांखालीं लोखंडाचीं चित्रें घेतलीं. वातावरणाच्या सुमारें २४ लक्ष पट दाबापर्यंत तीच दाट षट्कोनी मांडणी टिकून राहिली. तिसऱ्या मांडणीचा मागमूस नव्हता. त्यानंतर अगदीं थोड्या वाढीव दाबांत मांडणीच्या रेषा मावळल्या आणि द्रवाचें पसरट वलय उरलें. लोखंड वितळलें होतें. त्यावरून त्या दाबाचा वितळबिंदु सुमारें ५,५६० केल्व्हिन ठरला, आणि तोच हिशेब पुढें नेला असतां पृथ्वीच्या अंतर्गाभ्याच्या सीमेवरील दाबाला तो सुमारें ६,४०० केल्व्हिन येतो. १९८६ सालच्या पहिल्या खंडाला मांडणीच्या बदलाचा आधार मिळाला नाहीं. दुसऱ्या खंडाची जागा मात्र त्या जुन्या मोजमापानें अचूक सांगितली होती. दोघांही पक्षांच्या पदरांत कांहीं ना कांहीं पडलें, आणि हेंच शास्त्रांतील निवाड्याचें लक्षण होय.

आर्गोनचें तें जुनें वलय २०२३ सालीं काढून टाकण्यांत आलें, आणि २०२४ सालीं त्याच जागीं अधिक तेजस्वी वलय सुरू झालें. लोखंडाविषयींचे सर्व प्रश्न सुटले असें नाहीं. प्रत्यक्ष गाभ्यांत लोखंडाबरोबर निकेल आहे, इतर हलकीं मूलतत्त्वेंही मिसळलेलीं आहेत. आणि तेथें क्षणाचा घाव नाहीं, युगानुयुगांचा दाब आहे. तथापि ज्या प्रश्नाचें उत्तर १९५६ पासून अनुमानानेंच द्यावें लागत होतें, तें आतां पाहून देतां येतें.

श्रोतेहो, ह्या हकीकतींत लॉस अलामॉसच्या तिघांनीं योग्य तें ओळखलें, ब्रिजमन यांनीं प्रामाणिकपणें शंका घेतली, आणि अखेर साक्ष दिली ती एके काळीं वायां गेलेल्या प्रकाशानें. परंतु तो प्रकाश आपण होऊन साक्षीला उभा राहिला नाहीं. त्याला निवडावें लागलें, गाळावें लागलें, आंवरावें लागलें, आणि घड्याळाला बांधून दाराशीं उभें करावें लागलें. पुढच्या वेळीं लोहाराच्या दुकानावरून जातांना घणाचा आवाज कानीं आला, तर एवढें आठवावें: त्या एका आवाजाच्या पोटांत काय आहे हें पाहण्यासाठीं माणसांनीं शंभरांहून अधिक वर्षें दिवा घांसून ठेवला आहे.